बंबवाल्याच्या हातावरील काजळी

मागील वर्षी होळी चार-सहा दिवसांवर आली असताना, दुपारच्या तासाला, शाळेच्या मागील शेतातील कडब्याच्या गंजीला आग लागली, हे आपणांपैकी बहुतेकांना स्मरत असेलच. (कारवारकडून या भागात आल्यावर मला जे शब्द नव्याने शिकावे लागले त्यांत 'बनीम' हा एक. कडब्याच्या गंजीला इकडे बनीम म्हणतात, हे मला आठवीच्या वर्गाने शिकविले.) आग प्रथम पिवळी होती आणि धूर पांढुरका. ज्वारीचा वाळलेला कडबा जळतो तेव्हा असाच धूर निघतो. परंतु गंजीला लागून सिमेंटच्या पत्र्यांची एक खोली होती. तिच्यात ठिबक सिंचनाच्या नळ्यांची भेंडोळी, दोन जुने टायर, कीटकनाशकांचे अर्धेमुर्धे डबे आणि सोयाबीनची पोती ठेवलेली होती. आग तेथवर पोहोचली तसा धुराचा रंग पालटला. तो काळा, दाट आणि तेलकट झाला. छपराचे पत्रे फटाक्यांप्रमाणे तडतडा फुटू लागले, आणि वर्गाच्या खिडक्या लावून घ्याव्या लागल्या.

तालुक्याच्या ठिकाणाहून बंब यावयास पाऊण तास लागला. त्यात कोणाचा दोष नाही. रस्ताच तसा आहे. बंबाबरोबर चार माणसे होती. तोंडावर ओले रुमाल बांधून ती धुरात शिरली. ज्वाळा तासाभरात विझल्या, पण गंज आतून धुमसतच राहिली. मग त्या चौघांनी दाताळ्यांनी कडबा उपसावयाचा, पसरावयाचा, त्यावर पाणी मारावयाचे, असे दिवेलागणीपर्यंत चालविले. त्या वेळी ज्वाळा दिसत नव्हत्या म्हणून रुमालही गळ्याशी आले होते.

काम संपल्यावर ते आपल्या पटांगणातील कडुनिंबाखाली बसले. त्यांतील एकाने कानडीत "नीर कोड्री" म्हटले. मुले तांब्या घेऊन धावली. शेतकऱ्याच्या घरून भाकरी, झुणका आणि ठेचा आला. पाणी पिऊन झाले, आणि तसेच, त्याच हातांनी ते जेवावयास बसले. भाकरीच्या पांढऱ्या पापुद्र्यावर बोटांचे काळे ठसे उमटत होते. भोवती उभ्या असलेल्या मुलांच्या डोळ्यांत कौतुक मावत नव्हते. एकाने तर विझलेल्या कडब्याची काजळी बोटावर घेऊन स्वतःच्या गालाला फासली आणि तो 'बंबवाला' झाला. मुले हसली. मीही हसले.

त्या दिवशी हसताना मला जे ठाऊक नव्हते, ते नंतर वाचनाने कळले. मी कला शाखेची पदवीधर. मराठी आणि इतिहास शिकविणे हे माझे काम, रसायनशास्त्र नव्हे. तथापि या विषयाचा अर्धा भाग इतिहासच आहे. उरलेल्या अर्ध्या भागासाठी आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना मी पुरेसा त्रास दिला आहे.

माझ्या मातृभाषेत, कोंकणीत, आगीला 'उजो' म्हणतात आणि धुराला 'धुंवर'. मराठी काय, कोंकणी काय, कानडी काय, कोठल्याही भाषेने धुराला एकच नाव दिले, आणि त्यामुळे धूर ही एकच वस्तू आहे असा आपला समज झाला. वस्तुतः धूर म्हणजे शेकडो पदार्थांचे मिश्रण होय. जो पदार्थ जळतो त्याप्रमाणे, आणि त्यास हवा किती मिळते त्याप्रमाणे, हे मिश्रण बदलते. पुरेशी हवा मिळून लाकूड पूर्णपणे जळाले तर मुख्यत्वे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उरते. परंतु खऱ्या आगीत ज्वलन असे पूर्ण कधीच होत नाही. अर्धवट जळालेला कार्बन काजळीच्या सूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडतो, आणि त्या कणांवर बेंझोपायरीनसारखी संयुगे चिकटून बसलेली असतात. त्याबरोबर बेंझीन आणि फॉर्माल्डिहाइड हेही असतात. पी.व्ही.सी.च्या नळ्या जळाल्या तर हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू आणि डायॉक्सिन वर्गातील विषे निर्माण होतात. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. आगीच्या धगीने पत्रा फुटला की ते हवेत उडतात. आजोबांच्या काळी शेतघर जळाले तर लाकूड, गवत आणि धान्य जळे. आज त्याच शेतघरात प्लॅस्टिक, रबर, फोम आणि औषधांचे डबे जळतात. मग बीदरजवळील कोळ्हार किंवा हुमनाबाद येथील औद्योगिक वसाहतींत, जेथे औषधी द्रव्ये व रसायने तयार होतात, तेथे आग लागली तर बंबवाल्यापुढे काय वाढून ठेवलेले असेल याची कल्पना करावी.

काजळी आणि कर्करोग यांचे नाते माणसाला अलीकडे कळले असे मात्र नाही. ही गोष्ट इतिहासाच्या माझ्या तासाला शोभणारी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अठराव्या शतकातील लंडन शहर दगडी कोळशावर शेकत असे. घराघराला उंच, अरुंद धुराडी होती आणि ती वरचेवर झाडावी लागत. मोठा माणूस त्यांत मावत नसे. म्हणून गरिबांची चार-पाच वर्षांची मुले विकत घेतल्यासारखी कामाला लावीत. ती उघडी किंवा अर्धी उघडी मुले गुडघे आणि कोपरे भिंतीला टेकवीत धुराड्यातून वर चढत. स्नान क्वचितच घडे. रात्री तीच मुले काजळीच्या पोत्यांवर निजत. ही मुले मोठी झाली म्हणजे त्यांच्यातील काहींना जांघेतील नाजूक त्वचेवर एक फोड येई. तो चिघळे, पसरे आणि शेवटी माणसाचा प्राण घेई. धुराडेवाले त्याला आपल्या बोलीत 'काजळीची चामखीळ' म्हणत. वैद्य मंडळी मात्र भलत्याच रोगाचे निदान करून पाऱ्याची औषधे देत.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट याने १७७५ साली लिहिले की, हा कर्करोग असून त्याचे कारण त्वचेच्या वळ्यांत साचून राहिलेली काजळी हे होय. एखाद्या धंद्यातील एखादा पदार्थ आणि कर्करोग यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे दाखविण्याचा हा पहिलाच प्रसंग मानला जातो. ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, सूक्ष्मदर्शकाने पाहून किंवा प्रयोगशाळेत तपासून पॉटला हे कळले नव्हते. रोगी कोणत्या धंद्यातला, एवढेच त्याने विचारले. शिवाय, जो शब्द रोगी स्वतःच वापरीत होते त्यातच निम्मे निदान होते; ते ऐकण्याइतका कान मात्र त्याला होता.

पुढे काय झाले? १७८८ साली इंग्लंडात कायदा होऊन आठ वर्षांखालील मुलांना धुराड्यात चढविण्यास बंदी झाली. ती फारशी कोणी पाळली नाही. मुलांना चढविण्याची चाल खऱ्या अर्थाने बंद होण्यास १८७५ चा कायदा यावा लागला. म्हणजे पॉटच्या लेखनानंतर नेमकी शंभर वर्षे लोटली. उलट डेन्मार्कमधील धुराडेवाल्यांच्या संघाने पॉटचे म्हणणे प्रसिद्ध झाल्यावर अवघ्या तीनच वर्षांनी, १७७८ साली, आपल्या लोकांना रोज स्नान करण्याचा उपदेश केला, असे नमूद आहे. १८९२ साली हेन्री बटलिन या इंग्रज शल्यवैद्याने हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. युरोप खंडातील धुराडेवाले तीच काजळी झाडतात. मग हा रोग इंग्लंडातल्यांनाच एवढा का व्हावा? त्याला जे उत्तर सापडले ते अगदी घरगुती होते. तिकडील कामगार अंगाला घट्ट बसणारे, गळ्यापासून पायांपर्यंतचे कपडे घालीत आणि काम संपले की रोज डोक्यापासून पायांपर्यंत धुऊन काढीत. तेथे औषध नव्हते की शस्त्रक्रिया नव्हती; अंगावरची काजळी अंगावर राहू द्यावयाची नाही, इतकेच होते.

काजळीतील अपराधी कोण, हे शोधावयास विसावे शतक उजाडले. १९१५ साली टोकियो येथे यामागिवा आणि इचिकावा या दोघांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोळून प्रयोगशाळेत कर्करोग निर्माण करून दाखविला. आपण कंटाळून सोडून देऊ इतके दिवस ते काम चालले होते. १९३३ साली लंडनमधील शास्त्रज्ञांनी दोन टन डांबर गाळून, आटवून, शुद्ध करून त्यातून चिमूटभर पिवळे स्फटिक वेगळे काढले. तेच वर उल्लेखिलेले बेंझोपायरीन. हा पदार्थ शरीरात गेला असता पेशींच्या केंद्रकातील डी.एन.ए.ला चिकटतो आणि त्यातील लेखनात चुका घडवितो. अशा चुका शरीर बहुधा दुरुस्त करते. परंतु वर्षानुवर्षे तोच मारा होत राहिला म्हणजे एखादी चूक दुरुस्तीतून निसटते, आणि एखादी पेशी आपली मर्यादा विसरून वाढू लागते.

आपल्या महाराष्ट्रातही या विचाराची परंपरा आहे. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी रोग्याच्या राहणीशी कर्करोगाचे नाते जोडण्याचे मोठे काम केले. कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट कसून नेसलेल्या धोतराने कातडी घासली जाऊन तेथेच होणारा कर्करोग त्यांनी १९४५ च्या सुमारास जगापुढे मांडला. पॉट आणि खानोलकर यांच्यामध्ये पावणेदोनशे वर्षांचे अंतर असले तरी रोग्याला विचारावयाचा प्रश्न एकच होता: बाबा रे, तू दिवसभर काय करतोस, आणि कसा राहतोस?

आता आगीच्या बंबाकडे परत येऊ.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगाच्या संशोधनासाठी एक संस्था फ्रान्समधील लिओं या शहरी आहे. एखादा पदार्थ किंवा धंदा कर्करोगास कारण होतो की काय, याचा पुरावा तोलून ती निवाडा देते. अग्निशामकाचा धंदा २००७ साली तिने प्रथम तोलला, तेव्हा 'कर्करोगास कारण होत असणे शक्य आहे' एवढेच तिने म्हटले. २०२२ च्या जून महिन्यात आठ देशांतील पंचवीस शास्त्रज्ञ तेथे पुन्हा बसले आणि त्यांनी हा धंदा पहिल्या गटात, म्हणजे ज्यांच्याविषयी पुरावा पुरेसा झाला अशा कारणांच्या गटात घातला. फुप्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाचा कर्करोग आणि मूत्राशयाचा कर्करोग या दोहोंविषयी त्यांना पुरेसा पुरावा आढळला. मोठे आतडे, पुरःस्थ ग्रंथी, वृषण, त्वचेतील रंगपेशी आणि लसीका संस्था यांच्या काही कर्करोगांविषयी पुरावा आहे, पण तो मर्यादित आहे, असे त्यांनी म्हटले.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. नाहीतर ज्या घरातील माणूस बंबावर आहे त्या घराला उगीच घोर लागावयाचा. 'पहिला गट' याचा अर्थ धोका सर्वांत मोठा असा नव्हे. पुरावा सर्वांत पक्का, असा आहे. तंबाखू, सुपारी आणि सूर्याचे ऊनही याच गटात आहेत. धोका किती, हा प्रश्न निराळा. त्या शास्त्रज्ञांनी अनेक देशांतील पाहण्या एकत्र केल्या तेव्हा असे दिसले की, इतर लोकांत मूत्राशयाचा कर्करोग जेथे १०० जणांना होतो तेथे तेवढ्याच अग्निशामकांत तो सुमारे ११६ जणांना होतो. फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाच्या बाबतीत १०० च्या जागी सुमारे १५८ होतात. पण हा रोग मुळातच फार विरळा. म्हणजे बहुसंख्य बंबवाल्यांना यांपैकी काही होत नाही. तथापि जे वाढीव सोळा किंवा अठ्ठावन्न आहेत त्यांनी ते दुखणे दुसऱ्यांची घरे वाचविताना अंगावर घेतलेले असते. आणखी असे की, या पाहण्या मुख्यतः युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि कोरिया या भागांतील आहेत. म्हणजे जेथे श्वासयंत्र आणि जाड संरक्षक पोशाख पुष्कळदा असतात तेथील. ओला रुमाल बांधून धुरात शिरणाऱ्यांची गणती मी त्यांत धरीत नाही.

श्वासयंत्र असले तरी भागत नाही, हेही अलीकडे दिसून आले. श्वासयंत्र लावून आगीत गेलेल्या जवानांच्या मूत्राची तपासणी केली असता काजळीतील संयुगांचे अवशेष त्यातही वाढलेले आढळले. नाकातोंडावाटे नव्हे तर मग कोठून? मान, जबडा, मनगटे आणि जांघा येथील त्वचेवाटे. तेथे कातडी पातळ असते, आगीजवळ ती तापते, घामाने भिजते, आणि पोशाखाच्या फटीतून धूर तेथेच शिरतो. पर्सिव्हल पॉटने लिहिलेली गोष्ट जवळजवळ अडीचशे वर्षांनी अशी पुन्हा पुढे आली. दुसरे असे की, ज्वाळा विझल्यावर ढिगारा उपसताना, धोका टळला असे समजून, श्वासयंत्र काढून ठेवण्याची सवय सर्वत्र आहे. परंतु धुमसणाऱ्या ढिगातून विषारी वायू आणि कण निघतच असतात. आपल्या शेतातील बनीम दाताळ्यांनी उपसण्याचा तो दोन-तीन तासांचा वेळ मला या ठिकाणी आठवतो.

आणखी एक गोष्ट विचित्र वाटेल. तेलाची आग विझविण्यासाठी जो फेस मारतात त्याच्या काही प्रकारांत, आणि पाणी मुरू नये म्हणून पोशाखाला जो लेप देतात त्यात, सहजासहजी न विघटणारी फ्लोरिनची संयुगे वापरीत आले आहेत. त्यांपैकी पी.एफ.ओ.ए. नावाच्या एका संयुगाला याच लिओंच्या संस्थेने २०२३ साली पहिल्या गटात घातले. रक्षणासाठी घातलेल्या पोशाखापासूनही पुन्हा रक्षण करावे लागावे, असा हा प्रकार आहे.

आपल्या देशात १४ एप्रिल हा अग्निशामक दिन म्हणून पाळतात. (एप्रिलात आपल्या शाळांना उन्हाळ्याची सुटी असते, त्यामुळे त्याचे महत्त्व वर्गात सांगावयाचे राहून जाते.) १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटक द्रव्ये होती आणि त्यांच्या जवळच कापसाच्या गासड्या होत्या. दुपारी दोनच्या सुमारास बंब आले. चार वाजून गेल्यावर जहाजाचा पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मृत्यू पावली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जण होते. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस आहे. २०१५ च्या मे महिन्यात मुंबईच्या काळबादेवी भागातील गोकुळ निवास ही इमारत जळता जळता कोसळली आणि दलाचे चार अधिकारी प्राणास मुकले, तेही आपणांस वृत्तपत्रांतून ठाऊक असेल.

अशा मृत्यूंची गणती होते, कारण ते आगीत होतात. एक दिवस असतो, एक जागा असते, आणि शिळेवर नावे कोरता येतात. जो बंबवाला निवृत्त होऊन दहा वर्षांनी गावी लघवीतून रक्त जाऊ लागल्यामुळे अंथरूण धरतो, त्याचा दिवस कोणता आणि आग कोणती? काजळी शरीरात गेल्यापासून कर्करोग दिसेपर्यंत बहुधा वीस वर्षे लोटतात. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत तीस-चाळीसही लोटतात. तोपर्यंत बंब बदललेला असतो, साहेब बदललेले असतात, आणि रोग्यालाही त्या जुन्या आगी आठवत नाहीत.

या मागाहून येणाऱ्या मृत्यूंचा हिशेब एकदा तरी उघडपणे मांडला गेला, तो न्यूयॉर्क शहरात. ११ सप्टेंबर २००१ रोजी तेथील दोन गगनचुंबी इमारती कोसळल्या, तेव्हा त्या शहराच्या अग्निशामक दलाचे ३४३ जण एका दिवसात गेले. उरलेल्यांनी पुढे कित्येक महिने त्या ढिगाऱ्यावर काम केले. ढिगाऱ्यात सिमेंट, काच, ॲस्बेस्टॉस आणि जळालेले प्लॅस्टिक एकत्र झाले होते. त्या धुळीमुळे झालेले कर्करोग, फुप्फुसांचे विकार आणि इतर दुखणी यांनी मागाहून मृत्यू पावलेल्यांची संख्या २०२३ च्या सप्टेंबरात बरोबर ३४३ झाली, आणि पुढील वर्षी ती ३६० च्या वर गेली. हा हिशेब ठेवणारे कोणी होते म्हणून तो कळला. कॅनडातील मॅनिटोबा प्रांताने २००२ सालीच असा कायदा केला की, ठरावीक वर्षे नोकरी केलेल्या अग्निशामकाला ठरावीक प्रकारचा कर्करोग झाला तर तो धंद्यामुळेच झाला असे धरून चालावे. कोणत्या आगीने झाला, हे सिद्ध करण्याचे ओझे रोग्याच्या माथी मारू नये, हा त्यातील न्याय.

मग उपाय काय? मोठे उपाय खर्चाचे आहेत: प्रत्येकाला श्वासयंत्र, प्रत्येकाला पोशाखाचे दोन जोड, ठाण्यात पोशाख धुण्याचे यंत्र. परंतु स्वीडनमधील शेलेफ्तेओ या लहानशा गावच्या अग्निशामकांनी जी पद्धत घालून दिली, तिचा बराचसा भाग केवळ शिस्तीचा आहे. आग विझली की तेथल्या तेथे पोशाख उतरवावयाचा, पिशवीत बंद करावयाचा, आणि माणसे बसतात त्या जागी गाडीत ठेवावयाचा नाही. हात, तोंड, मान लगेच पुसावयाची. ठाण्यात पोहोचताच साबणाने स्नान. मळका पोशाख आणि स्वच्छ पोशाख यांची खोली निराळी. जेवणे त्यानंतर. मराठीत आगीच्या गाडीलाही बंब म्हणतात आणि स्नानाचे पाणी तापविण्याच्या तांब्याच्या भांड्यालाही बंबच म्हणतात. एका बंबावरून उतरलेल्या माणसाने थेट दुसऱ्या बंबाकडे जावे, इतके हे सोपे आहे; पण ते रूढ होण्याच्या आड एक समजूत येते. काजळीने माखलेले शिरस्त्राण आणि काळवंडलेला पोशाख हे सर्व देशांतील अग्निशामकांना शौर्याचे चिन्ह वाटत आले आहे. नवख्याचा पोशाख स्वच्छ आणि जुन्याचा काळा! आपल्या पटांगणात ज्या मुलाने गालाला काजळी फासली तो काही निराळे करीत नव्हता.

घरच्या माणसांनाही हा विषय जवळचा आहे. मळका पोशाख घरी आला की काजळीही घरी येते. तो लहान मुलांच्या कपड्यांबरोबर एका बादलीत भिजविणे टाळावे. बंबावर काम केलेल्या माणसाच्या लघवीत एकदाही रक्त दिसले, तर दुखत नाही म्हणून वाट पाहू नये. मूत्राशयाचा कर्करोग आरंभी बहुधा दुखतच नाही. अशा वेळी तपासणीसाठी बंगळूर गाठलेच पाहिजे असेही नाही; किदवाई संस्थेचे केंद्र कलबुर्गीत आहे. तंबाखू खाणाऱ्या किंवा ओढणाऱ्या बंबवाल्याने तर एका काजळीवर दुसरी चढविल्यासारखे होते. तंबाखूचा धूर हेही मूत्राशयाच्या कर्करोगाचे मोठे कारण आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी आठवीच्या वर्गात हे सारे थोडक्यात सांगितले होते. तास संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. कडुनिंबाखाली बसून जेवलेल्या त्या चौघांपैकी एक त्याचे वडील होते, हे मला तेव्हा प्रथमच कळले. त्या दिवशी त्याने ते कोणालाच सांगितले नव्हते. त्याची आई वडिलांचा पोशाख घरच्या कपड्यांतच धूत असे. आठ-दहा दिवसांनी तो पुन्हा आला आणि म्हणाला, "बाई, आईने आता बादली वेगळी केली. साबणही वेगळा."

मी शाबासकी दिली. तो जागचा हलला नाही.

"पण बाई, बाबांकडे जोड एकच आहे. पावसाळ्यात तो वाळावयास दोन दिवस लागतात. तेवढ्यात आग लागली तर?"

मी त्याला एवढेच विचारले की, तसे झाले तर वडील काय करतात. तो म्हणाला, "ओलाच घालतात. नाहीतर मग धूतच नाहीत."